काळी माती चालेल, पण पाणी तुंबता कामा नये

इंदूरच्या अंगणात केळ लावायची तर काळी माती काढून लाल माती भरावी का, असं एका ताईंनी विचारलंय. लाल माती कशाला आणायची? बुऱ्हाणपूर-रावेरकडची केळी काळ्या मातीतच पोसते. फक्त ती तापीकाठची माती खोल आहे. आपल्याकडे कॉलन्यांत वीतभर काळ्या थराखाली मुरूम नाहीतर बांधकामाचा राडारोडा निघतो, आणि श्रावणात पाणी तिथंच अडतं. केळीला पाणी भरपूर लागतं, पण मुळं पाण्यात बुडाली की कुजतात.

आधी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, त्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर जागा बदला, किंवा उंचवटा करून त्यावर लावा. निघालेल्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाडी वाळू मिसळा. ओली माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, टिचकी मारली की फुटावा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट की खारी याचं माप) साडेसहा ते साडेसात उत्तम. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरे क्षार साठत असतील तर मात्र पानांच्या कडा करपतात, तिथं केळीचा नाद सोडून शेवगा लावा.