खोली 'ओकीबोकी' नेमकी कधी होते?

शब्दखोर: कथेत लिहिलं होतं, 'एक खाट, एक खुर्ची, बाकी खोली ओकीबोकी.' संपादक बाईंनी ते खोडून 'खोलीत पुरेसं सामान नव्हतं' केलं. माझ्या मते वाक्यातला जीवच गेला. आणि यातला 'बोका' आला कुठून?

जुना_मास्तर: बाईंचं बरोबर आहे. दागिने उतरवले की गळा ओकाबोका, पानं झडली की झाड. खोलीला भकास म्हणा, भागतं.

खिडकीपाशी: नाही भागत मास्तर. सामानाने खच्चून भरलेली खोलीसुद्धा भकास असते. आमचे भाडेकरू खोली सोडून गेले त्या संध्याकाळी मी वर त्यांच्या खोलीत गेले होते. खाट, कपाट सगळं आमचंच, जागच्या जागी. भिंतीवर मात्र एक खिळा आणि त्याखाली फोटोएवढा उजळ चौकोन. त्या चौकोनाने खोली ओकीबोकी केली. काहीतरी होतं आणि गेलं, हे या शब्दात आहे. 'अपुरं सामान' म्हणजे नुसती मोजदाद.

उंटावरचा: सोपं आहे. घराने सामान ओकून टाकलं, म्हणून ओकं!

जुना_मास्तर: शी! ओकणाऱ्याला ओका कोण म्हणतं? 'बोका' हे बोडक्याचं झिजलेलं रूप असावं. 'उघडाबोडका' शेजारी ठेवून बघा.

शब्दखोर: तोडका, मोडका, रडका यांतला ड शाबूत आहे. बोडक्याचाच कसा झिजला? मला हा सरळ अंशाभ्यस्त, म्हणजे तोच शब्द थोडा बदलून पुन्हा जोडलेला, शब्द वाटतो. ओबडधोबड, उरलासुरला, तसाच ओकाबोका.

जुना_मास्तर: मग चहाबिहाच्या चालीवर 'ओकाबिका' का नाही? शिवाय 'ओक्याबोक्या भिंती' म्हणताना बोकासुद्धा चालतो. म्हणजे तेही विशेषणच.

खिडकीपाशी: 'उरलीसुरली कामं' म्हणताना 'सुरली'सुद्धा चालते की! तिला कुठे अर्थ आहे? आणि 'बि' आपण वाटेल त्या शब्दाला जोडतो. ओकाबोका कधीचा घडून बसलाय. आजूबाजू, अदलाबदल यांत अर्थ दुसऱ्या अर्ध्यात आहे, इथे पहिल्यात. 'गळा ओका दिसतो' चालतं. 'गळा बोका दिसतो' म्हणून बघा, मांजरच आठवेल.

जुना_मास्तर: बरं, बोका सोडला. पण काहीतरी गेल्याशिवाय ओकंबोकं नाही, हे तुमचंच म्हणणं ना? मग शब्दखोरांच्या खोलीत आधी काय होतं? वाक्यात तर दिसत नाही.

शब्दखोर: पुढच्या परिच्छेदात होतं. बाईंनी तोही कापलाय.