गुहेत आम्ही, बातमीत भलतंच! (अनुभव धागा)

पाकोळी
सासूबाईंनी काल घरच्या ग्रुपवर कात्रण टाकलं: 'मेघालयात सापडली जगातील सर्वात लांब गुहा'. क्रेम पुरीची बातमी. आहे २०१८ची, पण पावसाळा आला की पुन्हा उगवते. क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटरची आहे आणि वालुकाश्मातल्या गुहांमध्ये जगात सर्वात लांब. 'वालुकाश्मातल्या' एवढा एक शब्द बातमीदाराला जड झाला. अमेरिकेतली मॅमथ केव्ह ६८० किलोमीटरच्या वर मोजून झाली आहे हो! आणि सोबत फोटो कुठला, तर वेरूळच्या कैलासाचा.

ते बघून माझं जुनं दुखणं उठलं. मी एकदा फेब्रुवारीत जैंतिया हिल्समध्ये गुहांच्या सर्व्हेला गेले होते. गुहेचं तोंड आम्हाला गावातल्या एका काकांनी दाखवलं, ते तिथे लाकडं गोळा करायला जातात. आमचं काम मोजणीचं. लेझरने अंतर घ्यायचं, होकायंत्राने दिशा, चढउताराचा कोन, आणि चिखलाने बरबटलेल्या वहीत नकाशा काढायचा. मी तर नवखी, पुढच्या खुणेवर हात धरून उभी राहणारी. परत आल्यावर आमच्या गावच्या दैनिकात काय आलं? 'मराठी कन्येने शोधली पाताळगुहा'. त्यात माझ्या तोंडी वाक्य, 'मृत्यू समोर होता, पण आईचा चेहरा आठवला.' मला त्या वेळी फक्त चहा आठवत होता.

मेघालयात १९९२पासून ब्रायन खारप्राण डेली आणि मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन या मोहिमा चालवतात, बाहेरदेशीचे गुहावाले येऊन हातभार लावतात. ही नावं मी कागदावर लिहून दिली होती. छापून आलं 'स्थानिकांच्या मदतीने'. आईने ते कात्रण लॅमिनेट केलंय, अजून हॉलमध्ये आहे.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. गुहाच पाहिजे असं नाही, कडे, दऱ्या, डायव्हिंग, सगळं चालेल.

कातळवेडा
सांधण दरी. 'आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाची सर्वात खोल दरी'. दर वर्षी, दर पेपरात. पहिली कुठली ते कोणीच सांगत नाही, आणि मोजली कोणी तेही नाही. दरीजवळच्या साम्रद गावच्या पोरांनासुद्धा आता ते पाठ झालंय, पर्यटक उतरला की पहिलं वाक्य तेच. अरे हिमालय आशियातच आहे ना?

भटकी_सई
@कातळवेडा अगदी अगदी!! आणि हरिहर 'जगातील सर्वात धोकादायक किल्ला'. रविवारी त्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होईल एवढी गर्दी असते, धोका तो आहे. ते कोणी लिहीत नाही.

निशाचर
क्रेम पुरीवरून आठवलं. तिथे मोसासॉरची हाडं सापडल्याचं आलं होतं. दुसऱ्या दिवशी हेडिंग 'गुहेत डायनासोर'. मोसासॉर समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी, डायनासोरांच्या काळातला खरा, पण डायनासोर नव्हे. माझा मुलगा तेव्हा सहावीत, त्याने संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर नाही. आता तो भूगर्भशास्त्र शिकतोय, बहुतेक सूड म्हणून.

शमा_सांगली
मोबाइलवरून लिहितेय, कुकर लावलाय, शुद्धलेखन माफ. थायलंडची ती मुलं अडकली होती ना २०१८ला, थाम लुआंग गुहेत, तेव्हा आमच्याकडच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे लोक पंपांच्या सल्ल्यासाठी तिथे गेले होते. आमच्याकडे नुसता जल्लोष. एका वाहिनीवर तर असं चित्र की सांगलीकरांनी गुहा उपसली आणि मुलं चालत बाहेर आली. अभिमान आम्हालाही आहेच की, पण त्या पाणबुड्यांना थोडी तरी जागा ठेवा!! आणि दिवसभर 'ऑक्सिजन सिलिंडर, ऑक्सिजन सिलिंडर'. माझा दीर डायविंग करतो, तो टीव्हीवर उशी फेकून मारत होता.

खोलपाणी
दीरांना माझा नमस्कार सांगा. पाठीवरच्या टाकीत साधी दाबलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विषासारखा बाधतो, झटके येतात. 'ऑक्सिजन संपल्याने' वाचलं की मी पुढचं वाचत नाही.

गंमत म्हणजे थाम लुआंगच्या मुलांच्या टाक्यांत खरंच जादा ऑक्सिजन होता, ८० टक्के. पाणी उथळ होतं म्हणून चाललं. म्हणजे पेपरवाले शंभरातून एकदा बरोबर निघाले, तेही चुकून. आणि 'मुलांना डायव्हिंग शिकवून बाहेर काढलं' हे तर सगळ्यांनी छापलं. त्यांना केटामाइन देऊन बेशुद्ध केलं होतं. रिचर्ड हॅरिस हा ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ, स्वतः केव्ह डायव्हर, त्याने भूल दिली, आणि वाटेत पुढचे डोस पाणबुड्यांनीच टोचले. हे मात्र तेव्हा मुद्दामच सांगितलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यापुरती पत्रकारांना सूट.

शमा_सांगली
बापरे. बेशुद्ध करून?? हे मला आज कळतंय. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

रेस्क्यूवाला_भाऊ
आमच्याकडं वेगळीच तऱ्हा. डोंगराकडं तोंड करून पडला तो 'ट्रेकर'. चप्पल घालून, बाटली घेऊन, रील काढायला आलेला असू दे, हेडिंग 'ट्रेकरचा दरीत कोसळून मृत्यू'. दुसऱ्या दिवशी प्रशासन बंदी घालतं ती आमच्यावर. दरी कायम हजार फूट. आम्ही रोप सोडलेला असतो साठ मीटरचा, त्यातला अर्धा वरच शिल्लक. शंभर फूट पण नाही भरत. पण शंभर फुटात थरार कुठला.

फोटोत जाकीट घातलेला अधिकारी पुढं, आमची पोरं मागं स्ट्रेचर घेऊन. जाऊ दे, चालायचंच.

मुक्ताई
भाऊ, तुम्ही लोक पावसात रात्री-अपरात्री जाता, ते आम्हाला माहीत आहे हो. पेपरात नसलं तरी.

जुना_वार्ताहर
इथे शिव्या खायला येतोय. बरीच वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो. बातमी कशी बनते ते सांगतो. संध्याकाळी सातला पोलीस ठाण्यातून फोन येतो. दरी किती खोल विचारलं तर हवालदार म्हणतो 'लय खोल'. जिल्ह्याच्या डेस्कला 'लय' चालत नाही, आकडा लागतो. पानं नऊला सुटतात. फोटो नसला तर संगणकात 'गुहा' शोधून जो पहिला येईल तो. तुमचा वेरूळ तसाच आला असणार. आणि आम्हाला पगार नव्हता, छापून येईल तेवढ्याचे पैसे, त्यामुळे बातमी मोठी झाली तर बरंच.

दुसरी बाजू पण ऐका. मला स्वतः फोन करून 'थरारक लिहा हं' म्हणणारे ट्रेकिंग ग्रुप थोडे नव्हते. त्यांचं पुढच्या महिन्याचं बुकिंग व्हायचं असायचं.

कातळवेडा
@जुना_वार्ताहर शेवटचा परिच्छेद खरा आहे, झोंबला. पण खाली गेलेल्या माणसाला एक फोन करायला किती वेळ लागतो? आम्ही आता काय करतो, काम संपलं की गाडीत बसायच्या आधी पाच ओळी लिहून गावच्या सगळ्या बातमीदारांना पाठवतो. जागा, तालुका, पायथ्याचं गाव, किती मीटर रोप लागला, कोणकोण होतं. निम्मे जण जसंच्या तसं छापतात.

जुना_वार्ताहर
हेच करा. आम्हाला आयता मजकूर कधी नको असतो?

रेस्क्यूवाला_भाऊ
पाच ओळीतली 'साठ मीटर' एकानं 'साठ किलोमीटर' छापली. सांगून ठेवतो.

अण्णा_नागपूरकर
आमी गेलो होतो बस्तरला, कुटुमसर गुहा. जगदलपूरहून जवळच हाय. गाइड सांगते आंधळे मासे, पेपरात बी आंधळे मासे, पोट्टे तासभर टॉर्च मारून पाह्यत होते. मासे होते, डोळे बी होते, फक्त बारके. आता आयकून घ्या, याच जातीचा नमुना पयले पुण्याहून घेतला होता, १८७२ साली नाव ठेवलं. म्हंजे पुण्याचाच मासा, अंधारात जाऊन डोळे मिटून बसला. पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये, हलके घ्या.

भटकी_सई
अण्णा 😂😂 पुणेकर डोळे मिटून बसत नाहीत, दुपारी एक ते चार फक्त.

वाईकर
गुहा म्हणून लिहितो. २०२१च्या जूनमध्ये बातमी आली 'महाबळेश्वरच्या गुहेत निपाह'. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) तिथल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते, आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये, त्यात निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडली. महाराष्ट्रात माणसांत रुग्ण एकही नाही. शास्त्रज्ञांनी काम चोख केलं होतं, पण दोन दिवसांत बातमीचं काय झालं! आमच्याकडे फोन, 'स्ट्रॉबेरी खाल्ली तर चालेल का?' अहो, जूनमध्ये स्ट्रॉबेरी कुठून आणू. आधीच कोरोनाने धंदा बसलेला. सगळ्यात वाईट म्हणजे काही टाळकी गुहांच्या तोंडाशी धूर करायची भाषा करायला लागली. वटवाघळं काय पेपर वाचतात? ती बिचारी किडे खातात, फळांच्या बिया पसरवतात.

दुनाकाठी
बुडापेस्टहून. इथे शहराच्या खालीच गुहा आहेत, पालव्हॉल्जी नावाची गुहा, तिला जोडलेल्या धरून, तीस किलोमीटरच्या वर जाते. नवरा दर शनिवारी तिथे लोळून येतो आणि ते कपडे मी धूत नाही, आधीच सांगितलंय.

२०२३ सप्टेंबरला तुर्कस्तानात मोर्जा गुहेत मार्क डिकी हा अमेरिकन आजारी पडला, हजार मीटर खाली, पोटात रक्तस्राव. त्याच्यापर्यंत आधी पोचले ते इथले हंगेरियन डॉक्टर, गुहेतच रक्त दिलं. मग बऱ्याच देशांच्या लोकांनी मिळून स्ट्रेचरने वर आणला, १२ तारखेला बाहेर. भारतातल्या बातम्यांत काय, 'गुहेत अडकला', 'रस्ता चुकला', एकाने तर 'विहिरीत पडला'. रस्ता त्याला पाठ होता हो, तो त्या मोहिमेचाच माणूस. आईचा नाशिकहून फोन, 'जावई कुठे आहेत?' जावई सोफ्यावर. तरी आईने व्हिडिओ कॉल करून खात्री केली.

मुक्ताई
आयांचं सगळीकडे सारखंच. माझी आई 'ट्रेकर' शब्द टीव्हीवर ऐकला की मी ऑफिसात असले तरी फोन करते.
अवांतर: दुनाकाठी, तिकडे साबुदाणा मिळतो का? भाची येतेय शिकायला.

दुनाकाठी
@मुक्ताई एशियन दुकानात मिळतो, पण तो टॅपिओकाचा मोठा, खिचडीचा चिखल होतो. तिकडूनच आणायला सांग. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निशाचर
धाग्याचा साबुदाणा झाला.

पाकोळी
होऊ द्या. सगळ्यांचं वाचलं, ऑफिसात हसू दाबून बसलेय. वाईकर, धुराचं वाचून वाईट वाटलं. जुना_वार्ताहर, माझी पण एक शंका. आईचा चेहरा आठवल्याचं वाक्य नेमकं कोण लिहितं, वार्ताहर की डेस्क?

जुना_वार्ताहर
डेस्क. आमच्याकडे एक उपसंपादक होते, बुडालेला, पडलेला, अडकलेला, सगळ्यांना आई तेच आठवून द्यायचे. पुरुष असेल तर कुलदैवत.

भटकी_सई
पाकोळी, फेब्रुवारीत नवख्यांना घेतात का ग तिकडे? मला फार वर्षांपासून जायचंय.

पाकोळी
@सई आधी असोसिएशनला लिहून विचारावं लागतं, माणसं मोजकीच घेतात. गुवाहाटीहून शिलाँग साधारण शंभर किलोमीटर, रस्त्याने तीनेक तास. गमबूट तिथल्याच बाजारात घे, इथून ओझं नेऊ नकोस. थंड पाण्यातून चालावं लागतं तासन् तास. पोहता येतं ना?

भटकी_सई
पोहता येतं. सकाळी सहाला उठता येत नाही.