मदत हवी आहे : कोलाग्राफ आणि फोटो ट्रान्सफर एकाच कागदावर

मंडळी, मी लातूरहून लिहितेय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर पडलं. त्याचा एकच फोटो उरलाय: दारात आजी, मागे दगडमातीची रुंद भिंत. तो फोटो आणि त्या भिंतीचा खडबडीतपणा मला एकाच प्रिंटमध्ये आणायचाय.

कोलाग्राफची प्लेट, म्हणजे खरखरीत वस्तू चिकटवून केलेला छपाईचा ठसा, जमली. पुठ्ठ्यावर फेविकॉलनं गोणपाट, वाळू, ज्वारीची वाळलेली पानं चिकटवली, वर लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिले. शाई भरून, पुसून ओल्या कागदावर प्रिंट घेतली की गोणपाटाचा धागान् धागा उठतो. हात फिरवला तरी कळतो.

अडतंय ते फोटोपाशी. लेझर प्रिंटची उलटी प्रत जेल मिडियमनं (ॲक्रिलिकचं घट्ट, गोंदासारखं माध्यम) कागदावर चिकटवते, वाळल्यावर मागचा कागद ओल्या बोटानं चोळून काढते. फोटो सुरेख उतरतो. पण नंतर कागद भिजवला की जेलचा थर पांढरट, मऊ पडतो. परवा प्रेसमधून काढताना आजीचा अर्धा चेहरा प्लेटलाच चिकटून आला. आधी कोलाग्राफ घेतलं, तर तेलाच्या शाईवर जेल धरत नाही. आठवडाभर वाळवूनही पापुद्रा सुटला.

थिनरनं टोनर (लेझर प्रिंटची पूड-शाई) थेट कागदात उतरवला तर थर राहणार नाही, मग भिजवलेलं चालेल का? की पातळ नेपाळी कागदावर फोटो घेऊन, मागे खळ लावून, तो प्लेटसोबतच प्रेसमधून काढू? कुणी केलं असेल तर क्रम आणि कागद किती वेळ भिजवला ते नक्की सांगा.