पीव्हीए तेच, मग एक थंड पाण्यात विरघळतं आणि दुसरं का नाही?

इंद्रायणीकाठ:
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पीव्हीएच्या (म्हणजे पॉलिव्हिनाईल अल्कोहोल) फिल्म काढतेय. जुनी बाटली संपली म्हणून कपाटातली दुसरी काढली, नेहमीसारखी साध्या पाण्यात स्टररवर लावली तर संध्याकाळपर्यंत तळाशी पांढरे दाणे जसेच्या तसे. जुनीवर ८७-८९ लिहिलंय, हिच्यावर ९९+. हा आकडा शुद्धतेचा का? आणि सर म्हणाले पीव्हीए थेट बनतच नाही, आधी दुसरं पॉलिमर बनवून मग ते बदलतात. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

जुना_केमिस्ट:
शुद्धतेचा नाही, हायड्रोलिसिसचा आकडा आहे तो. सरांचं बरोबर आहे. व्हिनाईल अल्कोहोल हा मोनोमर (साखळीची सुटी कडी) बाटलीत ठेवताच येत नाही, लगेच अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन बसतो. म्हणून व्हिनाईल अ‍ॅसिटेटची साखळी आधी बांधायची (सुतारकामाचा पांढरा गोंद मुख्यतः हेच पॉलिमर), मग ती मिथेनॉलमध्ये विरघळवून थोडा कॉस्टिक सोडा टाकायचा की बाजूला लटकणारे अ‍ॅसिटेट सुटतात आणि तिथे ओएच (हायड्रॉक्सिल गट) येतात, मधला कार्बनचा कणा तसाच राहतो. बाटलीवरचा आकडा म्हणजे यातले किती टक्के अ‍ॅसिटेट सुटले ते. १९२४ मध्ये जर्मनीत हेरमान आणि हेनेल यांनी पीव्हीए पहिल्यांदा मिळवलं ते असंच एस्टर तोडून.

आता तुझे दाणे. ९९ वाल्यात जवळजवळ सगळे ओएच, ते एकमेकांना हायड्रोजन बंधाने इतके घट्ट धरतात की थंड पाण्याला आत शिरायला फटच मिळत नाही. ८८ वाल्यात बारा टक्के अ‍ॅसिटेट शिल्लक असतात, ते मध्ये मध्ये अडमडतात म्हणून साखळ्या नीट रचून बसत नाहीत आणि पाणी घुसतं. म्हणून अ‍ॅसिटेट आणखी ठेवले तर आणखी विरघळेल असं समजू नकोस हं, सत्तरच्या आसपास आलं की ते फक्त थंड पाण्यात राहतं, गरम केलं की द्रावण गढूळ होतं, त्याहून खाली गेलं की पाण्याला दादच देत नाही.

तर पावडर आधी थंड पाण्यात ढवळत ढवळत भुरभुरव, मग ९०-९५ पर्यंत तापव आणि तासभर ठेव. थेट उकळत्या पाण्यात ओतलीस तर गुठळ्या होतील, त्या मग फुटत नाहीत.

काचवाला७७:
याच्या पुढची गंमत सांगतो. त्याच पीव्हीएवर ब्युटिराल्डिहाइड घातलं की शेजारशेजारच्या दोन ओएचची एक कडी होते आणि बनतं पीव्हीबी (पॉलिव्हिनाईल ब्युटिराल), गाडीच्या पुढच्या काचेत दोन काचांच्या मध्ये असतं ना तेच, दगड बसला तरी काच जाळीसारखी तडकून जागेवरच राहते. सगळे ओएच मात्र कधीच संपत नाहीत, कारण जोड्या कशाही लागत गेल्या की काहींचे दोन्ही शेजारी आधीच अडकलेले असतात, ते एकटे पडतात. पॉल फ्लोरी या पॉलिमर शास्त्रज्ञाने १९३९ मध्येच हिशोब मांडला होता, जोडी एकदा लागली की सुटत नाही असं धरलं तर साधारण १३.५ टक्के उरणारच. आणि काचेला चिकटायचं काम हे उरलेलेच करतात!

नळजोडणी_सातारा:
मला केमिस्ट्रीतलं एवढं कळत नाही पण आमच्या धंद्यातलं सांगतो, सीपीव्हीसी हा पण तसलाच प्रकार. तयार पीव्हीसीच्या पावडरवर परत क्लोरीन चढवतात, ५७ टक्क्यांच्या आसपास असतं ते ६७ च्या आसपास जातं, तेवढ्यावर पाईप गीझरचं पाणी सोसतो. साधा पीव्हीसी गरम लाईनला टाकला की मऊ पडून लोंबतो. आणि सीपीव्हीसीला सिमेंट (पाईप चिकटवायचं सोल्युशन) पण त्याचंच लागतं, लोक साधं पीव्हीसीचं लावून मोकळे होतात आणि मग जॉइंट गळतो म्हणून फोन करतात 😅

इंद्रायणीकाठ:
९० ला ठेवलं, विरघळलं एकदम नितळ!! खूप आभार 🙏 आता उलटा प्रश्न, वाळलेली फिल्म पाण्यात फुगली तर चालेल पण विरघळायला नको. काय करू?

जुना_केमिस्ट:
मग ९९ वालीच ठेव, तुझ्या पथ्यावर पडली. वाळलेली फिल्म ओव्हनमध्ये थोडा वेळ १२०-१४० ला ठेवलीस तर स्फटिक वाढतात आणि थंड पाण्यात टिकते, पण गरम पाण्यात जाईल. पक्कं हवं असेल तर ग्लुटाराल्डिहाइड आणि किंचित आम्ल, त्याने साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. जास्त झालं तर फिल्म कडक होऊन वाकवताना तडकते, म्हणून कमीपासून सुरुवात कर. आणि ते फ्यूम हुडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) हाताळ बाई, वास डोक्यात जातो.