यूव्ही दिलेला इम्प्लांट 'शंभर टक्के' बसतो? मला हे पटलं नाही

खानापूर_दंतवैद्य
दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूवर, म्हणजे इम्प्लांटवर, आधी अतिनील प्रकाश (यूव्ही) टाकतात. त्याबद्दल परवाच्या पोस्टीत लिहिलंय, 'यूव्ही दिलेला इम्प्लांट दीड महिन्यात शंभर टक्के हाडात बसतो, साधा घेऊ नका.' हा आकडा येतो कुठून ते सांगतो. 2009 साली अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात ओगावा या संशोधकाच्या गटाने उंदरांच्या मांडीच्या हाडात इम्प्लांट घातले. चार आठवड्यांनी साध्या इम्प्लांटला हाडाचा स्पर्श 55 टक्के मिळाला, यूव्ही दिलेल्याला 98 टक्के. प्रयोग चोख आहे. पण साठीतल्या शुगरवाल्या पेशंटचा वरचा मागचा जबडा, तिथलं भुसभुशीत हाड, याला तो आकडा कसा लावता?

चिकोडी_इम्प्लांट
उंदीर म्हणून मोडीत काढू नका. टायटॅनियम शिळं होतं, हे तुम्ही गाळलंत. पॅकेटमध्ये महिनाभर राहिलं की त्यावर हवेतल्या कार्बनचा थर बसतो आणि पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहतो. यूव्हीनंतर तोच थेंब सपाट पसरतो. पहिले आटे हाडात शिरले की रक्त आपसूक वर चढतं. पॅकेटवरची तारीख निर्जंतुकपणाची असते, पृष्ठाच्या ताजेपणाची नाही.

खानापूर_दंतवैद्य
थेंबाचं मान्य. पण दिवा कुठला? अवजारांच्या कपाटातली नळी दहा मिनिटं लावून 'यूव्ही केलं' म्हणतात. तसल्या जंतुनाशक दिव्याखाली मूळ प्रयोगात 48 तासांपर्यंत ठेवलं होतं. 15 मिनिटांत करायचं तर चहूबाजूंनी जोरदार प्रकाश देणारं खास यंत्र लागतं. ट्रेवर आडवा ठेवलात तर खालची बाजू सावलीतच राहते. आणि काढल्यावर लगेच बसवायचा, नाहीतर थर पुन्हा धरतो.

निपाणी_हिरडी
दिव्यावरच अडलात दोघं. आपल्या पट्ट्यात फॉर्मवर असतं, 'तंबाखू खाता का?' बाई 'नाही' सांगते आणि ते खरंच असतं. मिश्री ती खात नाही, लावते. भाजलेली तंबाखू, दिवसातून तीन-चारदा, थेट हिरडीवर! निकोटिनने रक्तवाहिन्या आकसल्यावर हाड भरणार कसं?

शहापूर_बेळगाव
झालं, फिरून बायकांवरच! गालात गुटखा धरून बसणाऱ्या पुरुषांचं काय? फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजीत, तो तिला वाचता येत नाही, हा दोष तिचा का?

निपाणी_हिरडी
ताई, दोष प्रश्नाचा आहे, असंच म्हणतेय मी. 'दात कशानं घासता? मिश्री, तपकीर, गुल?' असं विचारा, तिच्या भाषेत विचारा. निदान आठवडाभर आधी आणि आठ आठवडे नंतर बंद. 'कमी करा' सांगून भागत नाही, कारण पेस्टने घासून झाल्यावरही तलफ म्हणून बोट डबीत जातंच.

शहापूर_बेळगाव
मग पुरुषांना गुटखाही नाव घेऊन विचारा. तेवढं केलंत तर माझी तक्रार नाही.

चिकोडी_इम्प्लांट
मग मिश्रीवाल्यांना तर यूव्ही हवंच!

खानापूर_दंतवैद्य
हेच घातक आहे, डॉक्टर! ड्रिल बोथट, सलाईनची धार कमी, हाड 47 अंशांवर मिनिटभर तापलं की मरतं. मेलेल्या हाडावर ताजं टायटॅनियम काय करणार? आणि बसवलेल्या इम्प्लांटभोवती हाड झिजू लागलं, तर आधी दिलेलं यूव्ही तिथला प्लाक (जंतूंचा चिकट थर) काढत नाही. तिथे सफाईच लागते.

चिकोडी_इम्प्लांट
बरं, 'शंभर टक्के' हा शब्द चुकला. यूव्ही चुकलं नाही. बसवताना आयएसक्यू (इम्प्लांट हाडात किती घट्ट आहे त्याचा आकडा) मोजा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा घसरलेला असेल तर यूव्ही दिलेल्यावरही दात चढवू नका.

निपाणी_हिरडी
आणि फॉर्म?

चिकोडी_इम्प्लांट
मिश्री आणि गुटखा, वेगवेगळ्या ओळी. मराठीत आणि कन्नडमध्येही. घालतो.

निपाणी_हिरडी
दिवसातून किती वेळा आणि कुठल्या बाजूला लावते, तेही घाला. इम्प्लांट त्याच बाजूला असेल तर आधी ती सवय सोडवायची.