दक्षिण आफ्रिकेत जागतिक सल्लागार आणि लेखा कंपन्यांनी नेमके काय केले?

अर्थजिज्ञासू

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काम करते. अलीकडे प्रत्येक मोठ्या योजनेबरोबर आमच्याकडे एखादी सल्लागार संस्था येते. तिची तरुण मंडळी आमच्याच फायलींमधून आकडे गोळा करतात, आमच्याच लिपिकांना प्रश्न विचारतात आणि तीच माहिती सुबक सादरीकरण करून वरिष्ठांपुढे ठेवतात. अहवाल मंजूर होऊन मंडळी निघून गेली, की त्यातला एखादा आकडा कसा काढला हे सांगू शकणारे कार्यालयात कोणी उरत नाही. मॅकिन्झी व बेन या सल्लागार कंपन्या आणि केपीएमजी ही लेखा कंपनी यांच्याविषयी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चौकशांबद्दल त्रोटक वाचले आहे. तिथे काय घडले, आणि दोष कंपन्यांचा होता की त्यांना बोलावणाऱ्या सरकारचा, हे जाणकारांनी उलगडून सांगावे, ही विनंती.

जोहान्सबर्गकर

राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या कारकिर्दीत गुप्ता हे उद्योजक कुटुंब आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारी संस्थांवर कसा कब्जा मिळवला, याची चौकशी न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने केली. त्यात एस्कॉम या वीज कंपनीची चर्चा सर्वाधिक झाली, परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बेन आणि करखात्याचे प्रकरण मला अधिक गंभीर वाटते.

वर्णभेदी राजवटीनंतर उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये ‘सार्स’ ही महसूल सेवा अत्यंत कार्यक्षम मानली जात असे. सप्टेंबर २०१४ मध्ये टॉम मोयाने तिचे आयुक्त झाले आणि पुढच्याच वर्षी पुनर्रचनेचे काम बेनकडे गेले. बेनचे तिथले प्रमुख २०१२ पासून झुमा यांना वारंवार भेटत होते आणि मोयाने यांच्या नियुक्तीपूर्वीच सार्सच्या फेररचनेचा आराखडा तयार होऊ लागला होता, हे नंतर उघड झाले. म्हणजे रोगी तपासण्याआधीच औषध ठरलेले होते.

पुनर्रचनेत मोठ्या उद्योगांचे कर पाहणारा स्वतंत्र विभाग मोडला गेला. या विभागात हिशेब तपासणारे, कायदेतज्ज्ञ आणि त्या त्या उद्योगाची नस ओळखणारे अधिकारी एकत्र बसत. एखादी खाण कंपनी आपला माल स्वतःच्याच परदेशी उपकंपनीला कमी दराने विकून नफा देशाबाहेर नेते, तेव्हा तो व्यवहार कागदोपत्री अगदी नियमानुसार दिसतो. त्यातली गोम ओळखायला त्या धातूचे भाव, वाहतुकीचा खर्च आणि त्या कंपनीचा जुना इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि समोरच्या बाजूला असे व्यवहार आखून देणारे तज्ज्ञ बहुधा जागतिक लेखा कंपन्यांचेच असतात. सार्समधले सुमारे २०० व्यवस्थापक आपल्या पदांवरून हटवले गेले. त्यांतल्या अनेकांना नावापुरते पद उरले, पण काम नव्हते.

न्यायमूर्ती न्यूजेंट यांच्या आयोगाने २०१८ मध्ये या कंत्राटाबाबत फौजदारी कारवाईचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. बेनने १६.४ कोटी रँडचे (रँड हे तिथले चलन) शुल्क व्याजासह परत केले. पैसे परत आले, तरी मोडलेला विभाग त्यामुळे उभा राहत नाही. दरम्यान महसुलात तूट येत गेली आणि १ एप्रिल २०१८ पासून मूल्यवर्धित कर १४ टक्क्यांवरून १५ टक्के झाला, जो १९९३ नंतर प्रथमच वाढला होता. ही वाढ केवळ बेनमुळे झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, परंतु बड्या कंपन्यांकडून येणारा कर सुटला की दुकानातून साबण आणि कपडे घेणाऱ्या माणसाकडे सरकारची नजर वळते, हे इथे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

सीए_पुणे

वरील प्रतिसादात सल्लागारांची बाजू आली, मी लेखापरीक्षणाविषयी लिहितो. २०१३ मध्ये गुप्ता कुटुंबातील एका लग्नाचा सन सिटी येथील सुमारे ३ कोटी रँडचा खर्च लिंकवे या त्यांच्याच कंपनीच्या पुस्तकात व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला गेला, आणि त्या कंपनीचे लेखापरीक्षण केपीएमजीकडे होते. त्याच केपीएमजीने सार्समधील एका तपास पथकाला बेकायदेशीर ठरवणारा अहवाल दिला होता. त्यामुळे प्रामाणिक अधिकाऱ्यांची कारकीर्द उद्ध्वस्त झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्या अहवालाचे निष्कर्ष मागे घेतले आणि तिच्या स्थानिक मुख्याधिकाऱ्यांसह अनेक वरिष्ठ पायउतार झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डेलॉइट, ईवाय, पीडब्ल्यूसी आणि केपीएमजी या जागतिक लेखा कंपन्यांपैकी कोणतीही एकसंध कंपनी नसते. प्रत्येक देशात कायद्याने स्वतंत्र भागीदारी संस्था असते, तिला जागतिक नाव वापरता येते. काम मिळवताना जागतिक नाव पुढे केले जाते आणि अंगाशी आले की ती स्थानिक संस्था वेगळी असल्याचे सांगितले जाते. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी आपल्या सत्यम या संगणक कंपनीच्या, पीडब्ल्यूसीने तपासलेल्या पुस्तकांतील हजारो कोटींची खोटी शिल्लक कबूल केली, तेव्हा बँकेकडून शिल्लक थेट पडताळून घेण्याची, आर्टिकलशिपमधल्या (सीएच्या उमेदवारीतल्या) मुलालाही पहिल्या वर्षी शिकवली जाणारी गोष्ट नीट झालेली नव्हती. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१८ मध्ये पीडब्ल्यूसीच्या भारतातील संस्थांवर दोन वर्षांची बंदी घातली, ती २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने रद्द केली. नियामकाचा अधिकार कुठवर चालतो, यावरच दहा वर्षे गेली. माझ्या व्यवसायाविषयी हे लिहिताना मनापासून वाईट वाटते.

निवृत्त_वित्ताधिकारी

दोघांचेही म्हणणे मान्य, तरी सारा दोष बाहेरच्यांवर ढकलू नये. एस्कॉममध्ये मॅकिन्झीचे शुल्क बचतीच्या प्रमाणात ठरले होते. अशा कराराला राष्ट्रीय कोषागाराची मंजुरी लागते, ती नव्हती, आणि तरीही रकमा दिल्या गेल्या. वर्णभेदाने डावललेल्या समाजाला व्यवसायात स्थान मिळावे म्हणून स्थानिक भागीदार घेण्याचे जे धोरण होते, त्याचा आधार घेऊन गुप्तांच्या निकटवर्तीयाची ट्रिलियन ही कंपनी त्यात शिरली. मॅकिन्झीने २०१८ मध्ये सुमारे १०० कोटी रँड परत केले. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या आफ्रिकेतील शाखेने लाचखोरीच्या प्रकरणात १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. लाच देणाऱ्याइतकाच घेणाराही त्या व्यवहारात असतो, आणि तो सरकारी खुर्चीत बसलेला होता.

अर्थजिज्ञासू, आपल्या कार्यालयापुरते सांगायचे तर केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार हा ठरावीक आशयाच्या आणि ठरावीक मुदतीच्या कामासाठी, खात्याकडे ते कौशल्य नसेल तेव्हा घ्यावा, असेच अपेक्षित आहे. करारातच आकडेमोडीच्या मूळ फायली हस्तांतरित करण्याची अट घाला आणि त्या आपल्या लेखापालाने पडताळल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. मी सेवेत असताना ही अट आग्रहाने घालत असे, आणि चांगल्या संस्थांनी तिला कधी विरोध केला नाही.

अर्थजिज्ञासू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच विचारायचे राहिले: सार्समधला तो विभाग पुढे पूर्ववत झाला का?

जोहान्सबर्गकर

मोयाने यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांनी पदावरून दूर केले. मे २०१९ मध्ये एडवर्ड कीस्वेटर आयुक्त झाले आणि त्यांच्या काळात मोठ्या उद्योगांसाठीचा विभाग पुन्हा उभारला गेला. मात्र एखाद्या उद्योगाचे व्यवहार वर्षानुवर्षे पाहिलेले अधिकारी एकदा बाहेर पडले, की त्यांच्या जागी आलेल्यांना तीच जुनी प्रकरणे पहिल्या पानापासून वाचावी लागतात. बेनला ब्रिटन सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये तीन वर्षांसाठी आणि दक्षिण आफ्रिकेच्या कोषागाराने त्यानंतर दहा वर्षांसाठी सरकारी कामांतून दूर ठेवण्याचा निर्णय घेतला. बेनमधूनच बाहेर पडून झोंडो आयोगापुढे साक्ष देणारे अॅथॉल विल्यम्स यांना मात्र जिवाच्या भीतीने २०२१ मध्ये देश सोडावा लागला.