इन्फ्लमेशन: दाह, सूज की शोथ?

पाटचारी: चोपडा-शिरपूर भागासाठी दारू आणि यकृतावरची माहितीपत्रिका मराठीत करायची आहे. एक वाक्य अडलंय. आशय असा: सततच्या दारूने एन्डोकॅनाबिनॉइड (भांगेतल्या द्रव्यांसारखे, पण शरीरातच बनणारे रेणू) यंत्रणा बिघडते, यकृतात इन्फ्लमेशन (इजेवर शरीराची संरक्षक प्रतिक्रिया) होतं, हार्मोनचा तोल जातो. मसुद्यात 'सूज' होतं, त्यावर 'दाह करा' असा शेरा आलाय. काय ठेवू?

तापीकाठ: दाहच. यकृतदाह, सांधेदाह हे शब्द रुळलेत.

अनेर: पुस्तकात रुळलेत, भाऊ. अहिराणीत 'पोटमा आग पडस' म्हणणाऱ्याला दाह म्हणजे ॲसिडिटीच वाटणार. यकृतातलं इन्फ्लमेशन जळजळत नाही, बरेचदा काही जाणवतच नाही. आग होत नाही म्हणजे आपलं बरं चाललंय, असं समजून माणूस पीत राहील.

गिरणा: सूजही तितकीच फसवी. 'पायले सूज येल शे' ही पिणाऱ्याच्या पायांची सूज म्हणजे साठलेलं पाणी. खराब यकृत अल्ब्युमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन) कमी बनवतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. लघवीच्या गोळीने पाय उतरतात, यकृत तसंच राहतं. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर पाय उतरले की माणूस औषध बंद करेल.

तापीकाठ: मग शोथ घ्या.

गिरणा: आयुर्वेदात शोथ म्हणजे सूजच. फिरून तिथेच आलो.

पाटचारी: आणि एन्डोकॅनाबिनॉइडला 'शरीरातली भांग' चालेल?

अनेर: अजिबात नको! भांग यकृताला चांगली, असाच अर्थ निघेल. हे रेणू शरीर स्वतः बनवतं. १९९२मध्ये जेरुसलेमला रसायनशास्त्रज्ञ राफेल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत पहिला सापडला, त्याचं नाव संस्कृत 'आनंद'वरून ॲनंडमाइड ठेवलं. मराठीत सरळ 'आनंदामाइड' लिहावं.

तापीकाठ: विशेषनामाची मोडतोड कशाला? ॲनंडमाइडच राहू द्या.

गिरणा: 'यंत्रणा बिघडते' हेही मोघम आहे. तिचे दोन ग्राही (पेशीवरच्या, हे रेणू जिथे बसतात त्या जागा), सीबी१ आणि सीबी२. दारूमुळे यकृतातल्या तारकापेशी टू-एजी नावाचा दुसरा एन्डोकॅनाबिनॉइड रेणू जास्त सोडतात. तो शेजारच्या यकृतपेशींच्या सीबी१वर बसला की तिथे चरबी साठते. उलट सीबी२ जागा झाला की इन्फ्लमेशन आवरतं. हे उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलेलं आहे, पत्रिकेत तसं लिहा. त्यात टू-एजी तुटला की अरॅकिडोनिक आम्ल उरतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनतात, जी इन्फ्लमेशन वाढवू शकतात. म्हणून 'यंत्रणा चांगली' किंवा 'वाईट' असं एका शब्दात सांगता येत नाही. सीबी१ बंद करणारं रिमोनाबँट हे औषध २००६मध्ये युरोपात लठ्ठपणासाठी आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांमुळे २००८मध्ये मागे घ्यावं लागलं. कारण हाच ग्राही मेंदूतही आहे.

तापीकाठ: हार्मोनला संप्रेरक लिहा, म्हणजे एन्डोकॅनाबिनॉइडही त्यातच येतील.

अनेर: नाही येणार. संप्रेरक ग्रंथीतून रक्तात जातं, लांब काम करतं. हे रेणू पेशीच्या आवरणातल्या चरबीपासून गरजेपुरते बनतात, शेजारीच काम करतात आणि लगेच तुटतात. संप्रेरकांवर लगाम मात्र ठेवतात. ताणात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये हे रेणू सुटतात आणि कॉर्टिसॉलची साखळी थांबवतात. रोजच्या दारूने मेंदूतले सीबी१ मंदावतात, मग तो लगाम ढिला पडू शकतो. 'तोल जातो'ऐवजी हे लिहा.

तापीकाठ: संप्रेरक सोपा शब्द आहे. दहावीची मुलं वाचतात.

अनेर: पत्रिका दहावीच्या मुलांसाठी नाही ना, दादा. धडगावात 'हार्मोन'च म्हणतात.

पाटचारी: मग यकृत तरी ठेवू का?

गिरणा: लिव्हर लिहा. दवाखान्यात सगळे तेच म्हणतात.

तापीकाठ: अहिराणीत 'कायीज' आहे की!

अनेर: मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे लिव्हर, पण 'कायीज धडधडस' म्हणतो तेव्हा हृदय. पत्रिकेत 'कायीज खराब' छापलं तर माणूस ईसीजी काढायला जाईल.

तापीकाठ: संदर्भाने कळतं. 'दारूनी कायीज जाळं' यात कोणाला हृदय वाटतं?

गिरणा: 'जाळं' म्हटलंत, म्हणजे पुन्हा दाहच आला.